कातळाला लावलेले डोळे

"मग देव नसता केला तर कातळ वाचला असता का, ते सांगा."

मैनामाय गुहेच्या दारात बसली होती. तिच्या तोंडात मशेरीचं बोट होतं.

"सांगा की, माय. पोकलेन दारात येऊन उभा होता. मी शेंदूर फासला म्हणून परत गेला. आता त्याच शेंदरापायी पाल गेली. तर माझं चुकलं कुठं?"

माय उठली. गुहेच्या कडेला जाऊन चूळ भरली. येताना शेळीच्या कानामागं जरा खाजवलं, परत जागेवर येऊन बसली.

...

रणधीर घोरपडेला असला थंडपणा सोसायचा नाही. खरं तर त्याला म्हातारी माणसंच सोसायची नाहीत. म्हातारी माणसं शहाणी असतात ही बातमी म्हाताऱ्या माणसांनीच पसरवलेली आहे, असं त्याचं मत होतं. कोरडवाडीतली म्हातारी माणसं बघितली की ते मत खोडायला जीभ रेटायची नाही.

मैनामायचं तेवढं वेगळं. ती गोसाव्याची. कोरडाईच्या डोंगरात निम्म्या वाटेवर गुहा होती, तिथं राहायची. मठ म्हणावा तर ती गुहा, शिष्य म्हणावा तर ती शेळी. ती कधी उपदेश करायची नाही. म्हणून रणधीर उपदेश मागायला तिच्याकडंच यायचा.

भानगड पालीची होती.

घरात ट्यूबलाइटमागं असते ती नव्हे. ही कातळावरची. अंगठ्याएवढी, दगडाच्याच रंगाची. दिवसाउजेडी फिरणारी. नराचा गळा हळद लावल्यासारखा पिवळा. डोळा मोहरीसारखा गोल, आणि त्याला पापणी नाही. धूळ बसली की जीभ काढून स्वतःचा डोळा स्वतःच चाटून घ्यायची.

कॉलेजात प्रॅक्टिकलला सरांनी पालीची आकृती काढायला सांगितली, तेव्हा रणधीरनं ही पाल आठवून काढली. सरांनी लाल पेनानं खोडली. पुस्तकातल्यासारखी नाही म्हणाले. रणधीर म्हणाला, पालीनं पुस्तक वाचलेलं नाही. तिसरं वर्ष तिथंच संपलं.

पुढं शहरातून अभ्यासक आले. दगड उचलून बघितले, जपून परत ठेवले, फोटो काढले, आणि गेल्यावर कळवलं की ही पाल जगाच्या पाठीवर फक्त कोरडाईच्या रांगेत आहे. बाकी कुठं नाही.

गावाला त्याचं काही वाटलं नाही.

"दुसरीकडं कुठं न्हाई म्हंजे दुसऱ्या कुणाला नको आसंल," दौलततात्या म्हणाले.

तात्या देवस्थान कमिटीचे अध्यक्ष. कोरडाई बसलेली डोंगराच्या माथ्यावर, आणि कमिटीतल्या एकाचेही गुडघे धड नाहीत. त्यामुळं वरपर्यंत गाडी जायला रस्ता पाहिजे होता. रस्त्याच्या आड काळा कातळ येत होता. रांगेतले बाकीचे कातळ उन्हात तव्यासारखे तापायचे. गार, खोल भेगांचा मोठा कातळ हा एकच. पाली तिथं राहायच्या, तिथंच भेगेच्या आतल्या अंगाला मण्यांसारखी अंडी चिकटवायच्या.

रणधीरनं हे सगळं कमिटीला समजावून सांगितलं. एकदा नव्हे. पारावर, देवळात, लग्नाच्या मांडवात, जिथं दोन म्हातारे दिसतील तिथं.

"आरं, पाल अंगावर पडली तर आंघोळ करावी लागती," तात्या म्हणाले, "आन् तू तिच्यापायी देवीचा रस्ता आडवतोस? घोरपड्याचा हाईस, निदान घोरपडीसाठी तरी भांडायचं."

पार हसला.

"आंघोळ एरवीसुद्धा करत जावा, तात्या," रणधीर म्हणाला.

तेवढंच. त्या जिभेनं कातळ वाचणार नव्हता.

मग पोकलेन आला. त्या पहाटे रणधीर शेंदूर आणि तेल घेऊन वर गेला. कातळाच्या पोटावर हाताच्या पंजानं शेंदूर थापला. यात्रेच्या दुकानातून आणलेले पितळी डोळे मेणानं चिकटवले, खाली लिंबू ठेवलं. आणि गावात येऊन सांगितलं की कातळ सपनात आला होता, म्हणाला, मी कोरडाईचा भाऊ, मला फोडू नका.

जे म्हातारे वर्षभर खरं ऐकून हसले, ते एक खोटं ऐकून कातळापुढं आडवे पडले.

पोकलेनवाल्यानं मशीनलाच हार घातला आणि परत नेलं.

रणधीरला वाटलं, जिंकलो. सगळ्या गावाला त्यांच्याच शेंदरात बुडवलं. हे वाटणं फार गोड होतं, खोटं कशाला बोला...

आता मात्र कातळावर रोज तेल पडत होतं. नारळाचं पाणी, गुलाल, उदबत्तीचा धूर. भेगांत खोबऱ्याचे तुकडे आणि त्यांना लागलेल्या मुंग्या. आणि पाल... पाल दिसेनाशी झाली होती.

"तुम्ही सांगा त्यांना," रणधीर म्हणाला. "तेल घालू नका म्हणावं. तुमचं ऐकतील."

"मी का सांगू?" माय पहिल्यांदा बोलली. "माझा देव हाय का त्यो?"

"मग काय करू?"

"चल," माय म्हणाली. "तुझ्या देवाला बघून तरी येऊ."

कातळापाशी कमिटी जमलेलीच होती. निम्म्या वाटेपर्यंत चढून आल्यानं सगळे भात्यासारखे फुसफुसत होते. त्यांत रणधीरचा आजा गणूआबाही होता. एक हात काठीवर, एक हात गुडघ्यावर.

"या महाराज," तात्या म्हणाले.

महाराज म्हणजे रणधीर. सपन पडल्यापासून गावानं त्याला ही पदवी दिली होती. पहिल्यांदा तो ओशाळला. मग त्याची सवय झाली, आणि मग एखाद्यानं नुसतं रणधीर म्हटलं तर त्याला कमी पडल्यासारखं वाटायला लागलं.

"फरशी बसवायची म्हणतोय देवापुढं," तात्या म्हणाले. "वर पत्र्याचं शेड. देवाला पांढरी आवडंल का हिरवी?"

रणधीरनं मायकडं बघितलं.

"मला काय बघतोस?" माय म्हणाली. "सपान कुणाला पडलं?"

...

सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते. त्याला कळलं की एक वाक्य पुरेल. देवाला तेल चालत नाही. देवाला एकांत पाहिजे. एवढं म्हटलं की उद्यापासून इथं चिटपाखरू फिरकणार नाही. आणि परवा काही वेगळं म्हटलं तर तेही ऐकतील. तेरवाही ऐकतील. तो म्हातारा होईपर्यंत ऐकतील.

त्याची जीभ वळलीही होती.

तेवढ्यात गणूआबा खाली बसायला लागला. काठीवर भार टाकून, दात आवळून, एक गुडघा, मग दुसरा. बसला आणि नातवाच्या पायाला हात लावला.

या आधीही त्यानं लावला होता. तेव्हा रणधीरनं पाय मागं घेतला नव्हता.

या वेळी त्यानं खाली बघितलं. आजाचा पंजा त्याच्या पायावर होता. याच पंजाला धरून तो या वाटेनं पहिल्यांदा डोंगर चढला होता.

रणधीरनं पाय मागं घेतला.

"सपान पडलं नव्हतं," तो म्हणाला. "शेंदूर मी फासला. डोळे यात्रेतले. मी खोटं बोललो."

...

कुणीतरी खोकलं.

"बघा," तात्या बाकीच्यांना म्हणाले. "खरा भगत आसा असतोय. मोठेपणा घेत न्हाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

"अहो तात्या, भगत नाही मी. आणि हा देव नाही. दगड आहे."

"देव दगडाचाच असतोय, बाळा," तात्या समजुतीनं म्हणाले. "आम्हाला तेवढंबी कळत न्हाई व्हय?"

"मी पालीसाठी केलं हे!"

"देव कुणाकडनं काय करून घील, सांगता येत न्हाई," गणूआबा खालूनच म्हणाला.

रणधीरच्या डोक्यात तिडीक गेली. "वर्षभर खरं बोललो, तेव्हा हसलात. एकदा खोटं बोललो, तर पाया पडलात. आता परत खरं बोलतोय तर..."

"तर आमी परत हसतोय," तात्या म्हणाले, आणि खरंच हसले. वाईट बुद्धीनं नव्हे. सत्यनारायणात पोरानं प्रसादाआधीच शिऱ्यात बोट घातलं की हसतात, तसं.

रणधीरनं हात खाली सोडले. त्याच्याकडं आता खरंही शिल्लक नव्हतं आणि खोटंही.

तेव्हा मैनामाय पुढं झाली. कातळापाशी गेली. नखानं मेण उचकटून तिनं एक डोळा काढला. मग दुसरा. पदरानं पुसले, पदराच्या टोकाला बांधले, आणि वाटेला लागून डोंगर उतरायला लागली.



"माय... देव कुठं चालला?" तात्यांनी विचारलं.

"खाली."

"का?"

माय थांबली. गणूआबाकडं बघितलं. तो अजून उठायच्या खटपटीत होता. एका बाजूनं काठी, दुसऱ्या बाजूनं दोन माणसं, आणि तोंडावर आलेली कळ.

"ह्याचं गुडघं बघवंनात," माय म्हणाली.

कुणाला बघवेनात, ते तिनं सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. आरतीचं ताट उचलून सगळे तिच्या मागं निघाले.

पायथ्याला, गाड्या थांबतात तिथं, पहिल्या पायरीशेजारी एक गुळगुळीत धोंडा होता. त्याला टेकून लोक चपला काढायचे. मायनं त्याला डोळे लावले. पदर झटकला.

गणूआबा वाकला. वाकावं लागलंच नाही फारसं, धोंडा कमरेएवढा होता. त्यानं डोकं टेकलं, आणि बराच वेळ उचललं नाही.

"पायरीला हात लावला की नमस्कार माथ्याला पोचतोय," तो सरळ होत म्हणाला. "आपल्या आज्यापंज्यापासनं चालत आलंय हे. पाऊसकाळात बायका हितनंच हात जोडत्यात."

"ते खरं," कुणीतरी म्हणालं.

"मग वर रस्ता कशाला पायजे?" गणूआबानं विचारलं.

सगळ्यांनी तात्यांकडं बघितलं. रस्ता तात्यांचा होता. पण गुडघेही तात्यांचेच होते. तात्यांनी वर डोंगराकडं बघितलं, मग खाली धोंड्याकडं, मग शेजारीच उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडं.

"हिरवीच घालू," ते म्हणाले. "फरशी. हिरवी."

परत चढताना रणधीर मायच्या मागं धुसफुसत होता.

"माय, हे पण खोटंच की. मी केलं तेच तुम्ही केलं."

"तू डोळं लावलंस. मी काढलं."

"आणि दुसऱ्या धोंड्याला लावले."

माय चढत राहिली.

"त्या धोंड्यात कोण राहतंय?" जरा वेळानं तिनं विचारलं.

"कुणी नाही."

"मग बसू दे की देवाला."

गुहेपाशी पोचल्यावर तिनं नारळाच्या शेंड्यांचा पुंजका आणि चुलीतली राख त्याच्यापुढं टाकली.

"घास."

"कुठवर?"

"तुझा हात दिसंनासा हुईस्तवर."

कातळावर त्यानं थापलेला पंजा अजून तसाच होता. वर तेलाचे थर बसले तरी पाचही बोटं दिसत होती.

रणधीर घासायला लागला. शेंदूर थापायला घटकाभर लागला होता. काढायला उन्हाळा पुरेना. साबण लावायचा नाही, भेगांत उतरेल. लोखंड लावायचं नाही, दगड सोलेल. नुसती राख आणि काथ्या. एका भेगेत त्याला पालीची अंडी सापडली. वरून तेल ओघळून ती काळी पडली होती. आत काही नव्हतं, किंवा होतं ते संपलं होतं. दुसऱ्या दिवशी जरा जास्तच जोरात घासलं.

त्याचे हात कोपरापर्यंत केशरी झाले. सदरा तेलानं कडक झाला. केसांत राख. खाली गावात जायचा तेव्हा कुत्री भुंकायची. आता त्याला कुणी महाराज म्हणत नव्हतं. हिरव्या फरशीवरचा देव जोरात चालला होता आणि त्याला महाराजाची गरज पडत नव्हती. गणूआबा रोज सकाळी एकटा, कुणाच्या आधाराविना तिथंवर जायचा, देवाशेजारी बसून तंबाखू मळायचा, आणि नातवाची भाकरी वर जाणाऱ्या गुराख्याकडं द्यायचा.

कातळ काळा झाला. पाल आली नाही.

"सगळं निघालं," रणधीर मायला म्हणाला. "तेल नाही, धूर नाही, माणूस फिरकत नाही. तरी येत नाही."

"बरं."

"मी रोज समोर बसतो. हलत नाही. डोळा लवू देत नाही."

"का?"

"आली तर दिसली पाहिजे ना."

"आन् न्हाई दिसली तर?"

"तर आली नाही."

...

"बरं," माय म्हणाली, आणि शेळीचं दूध काढायला बसली.

दुसऱ्या दिवशी तो परत गेला. एका कोपऱ्यात, मुळाशी, करंगळीचा ठसा तेवढा राहिला होता. तो घासून काढला. गणूआबाची भाकरी आली होती. ज्वारीची, वर ठेचा, आणि का कुणास ठाऊक, आज गुळाचा खडा. खाल्लं. पाणी प्याला. कातळाच्या सावलीत पाठ टेकली. समोर बघत बसायचं होतं, पण ऊन फार होतं आणि दगड फार गार होता.

झोप लागली.

जाग आली ती मनगटावर काहीतरी हललं म्हणून. डोळे अर्धे उघडले आणि तो तसाच राहिला.

पिवळा गळा. पाठीवर दगडाचे ठिपके. पाचही बोटं पसरून मनगटाच्या हाडावर बसलेली. तिचं पोट धडधडत होतं, ते त्याला कातडीवर कळत होतं. का त्याचीच नाडी होती ती... कुणाची कोणती, सांगता आलं नसतं.

पालीनं त्याच्याकडं बघितलं, किंवा नुसतंच बघितलं. तिला पापण्याच नाहीत, ती दुसरं काय करणार. मग जीभ काढून तिनं डोळा चाटला, आधी एक, मग दुसरा.

गुळाला लागलेली एक मुंगी त्याच्या बाहीवर चढत होती. पाल पुढं सरकली, मुंगी टिपली, आणि त्याच्या दंडावरून, खांद्यावरून, सरळ कातळावर गेली. भेगेच्या तोंडाशी दुसरी एक होती. दोघी आत गेल्या.

रणधीर पडून राहिला. ऊन कललं. खालून नव्या देवाची घंटा ऐकू आली, कुणाची तरी गाडी सुरू झाली. त्याला कुणाचा राग येत नव्हता. शोधून बघितला, तात्यांचा, सरांचा. हाताला लागला नाही.

मग हळूहळू दुसरं काहीतरी वर यायला लागलं. जगाच्या पाठीवर ही पाल एकाच रांगेत. त्या रांगेत हा एक कातळ. आणि कातळासमोरच्या सगळ्या माणसांत ती चढली कुणाच्या अंगावर...

तो उठला आणि पळत सुटला.

माय गुहेच्या दारात बसली होती. तोंडात मशेरीचं बोट.

"माय, आली!"

मायनं मान हलवली.

"नुसती आली नाही. माझ्या अंगावर आली. मी झोपलो होतो, हातावर येऊन बसली, माझ्याकडं बघितलं तिनं. मग खांद्यावरनं गेली, घाबरली नाही. एवढ्या माणसांत माझ्याच... माय, ह्याचा अर्थ काय? काहीतरी असेल ना ह्याचा अर्थ?"

दम लागून तो खाली बसला. डोळे चमकत होते.

मायनं बोट काढलं. सावकाश उठली, कडेला गेली, चूळ भरली. येऊन त्याच्यासमोर उभी राहिली. त्याचे कोपरापर्यंत केशरी हात बघितले. कडक झालेला सदरा बघितला. केसांतली राख बघितली.

"अंगावर आली?"

"व्हय, माय."

...

"मग आंघोळ कर."